हरोळी आणि मोठं कबूतर : सामूहिक दाव्यात झाडं का लिहायची

(बदलापूरजवळच्या एका वाडीवर भरलेल्या वनहक्क शिबिरात दुसऱ्या दिवशी सकाळी झालेलं भाषण. ज्यांना येता आलं नाही त्यांच्यासाठी लिहून काढलं आहे. वाडीवर मोठ्याने वाचून दाखवावे.)



काल दिवसभर आपण कायदा बोललो. वनहक्क समिती, ठराव, पंचनामा, मोजणी. रात्री काही जणांनी आम्हाला विचारलं, उद्या सकाळी काय? आम्ही सांगितलं, उद्या पाखरांवर बोलणार. तेव्हा एक काका हसले. म्हणाले, "आमची जमीन चाललीय नि तुम्ही पाखरं मोजताय." काकांचं बरोबर आहे. जमीन चालली असताना पाखरांच्या गोष्टी सांगणारा माणूस आपल्याला नको आहे. म्हणून आधीच सांगतो, हे भाषण जमिनीचंच आहे. त्यात दोन पाखरं येतात, कारण आमच्याकडून एक चूक झाली होती आणि ती आम्हाला या पाखरांमुळे कळली. चूक काय ते पुढे सांगू. आधी पाखरं.

पहिलं पाखरू आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं. हरोळी. कोणी हरियाल म्हणतं, कोणी हिरवा होला म्हणतं. आपल्या महाराष्ट्राचा हा राज्यपक्षी आहे. शाळेच्या पुस्तकात पोरं हे पाठ करतात, पण आपल्याला ती पुस्तकाच्या आधीपासून माहीत आहे. अंग हिरवं-पिवळं, डोकं राखाडी, खांद्यावर जांभळा ठिपका आणि पाय पिवळेजर्द. पाय बघायचे, म्हणजे चुकत नाही. दक्षिणेकडच्या ओल्या रानात हिची एक बहीण आहे, तिचे पाय लाल असतात आणि नराची पाठ तांबडी-तपकिरी असते. आपल्याकडची ती पिवळ्या पायाची.

हरोळी झाडावर बसली की दिसत नाही. वीस-पंचवीस पाखरं एका वडावर असतात आणि आपण खालून बघतो तर नुसता पाला. मग एखादं फळ टपकन खाली पडतं, तेव्हा कळतं की वर कोणीतरी आहे. फांदीला उलटी लटकून पोपटासारखी फळं तोडते. आवाज साध्या कबुतरासारखा घुमत नाही, गोड शीळ घातल्यासारखा असतो. थंडीत सकाळी ऊन खायला सगळा थवा उंच, निष्पर्ण झाडाच्या शेंड्यावर बसतो, तेव्हा मात्र एकेक मोजता येते. जमिनीवर ती फारशी उतरतच नाही. पाण्याला किंवा खारट मातीला क्वचित उतरली तर उतरली. तिचं सगळं आयुष्य झाडावर.

ती खाते काय? फळं. त्यातही वड, पिंपळ, उंबर, पायर, नांदरुक या चिकाच्या झाडांची. आता या झाडांचं एक वेगळं आहे. आपण म्हणतो उंबराचं फूल कोणाला दिसत नाही. ते दिसत नाही कारण ते फळाच्या आत असतं. उंबर फोडला की आत बारीक केंबरं उडतात, तीच ती फुलं फळवतात. त्या केंबरांना वर्षभर कुठे ना कुठे कोवळं फळ लागतं, नाहीतर त्यांचा वंश संपेल. म्हणून ही झाडं सगळी एकाच महिन्यात पिकत नाहीत. खडकावरचा वड आज पिकला, तर नाल्यावरचा दोन महिन्यांनी. आंबा, जांभूळ, करवंद एका हंगामाचे. वड-उंबर मात्र पाळीपाळीने बारा महिने. रानात दुसरं काही नसतं तेव्हा पाखरं, वानरं, वटवाघळं सगळी याच झाडांवर जगतात. दुष्काळात आपली म्हातारी माणसंही उंबर खाऊन राहिली आहेत, हे इथे बसलेल्या आज्या सांगतील.

पण एक झाड पिकलं तर पंधरा दिवस पुरतं. मग थव्याला दुसरं पिकलेलं झाड शोधायला लागतं. म्हणजे हरोळीला एक झाड पुरत नाही. तिला मलंगगडाच्या पायथ्याचा वड लागतो, बारवीच्या बाजूचा उंबर लागतो, काकोळ्याकडची पायर लागते आणि चंदेरी-तावलीच्या उतारावरचा नांदरुकही लागतो. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता दुसरं पाखरू. हे आपल्याकडे आम्ही कधी पाहिलेलं नाही. आम्ही तिघं जण एका बैठकीसाठी सिंधुदुर्गात दोडामार्गाला गेलो होतो. बैठक संपल्यावर तिथल्या साथींनी आम्हाला हेवाळे-बांबर्डे गावाची देवराई दाखवली. तिथे रानजायफळाची झाडं आहेत. पाणथळ जागा, पायाखाली चिखल, झाडांची मुळं चिखलातून वर आलेली. आपल्याकडे उन्हाळ्यात रान उघडं पडतं, पानं गळतात, डोंगर तपकिरी होतो. तिथे भर उन्हाळ्यात अंधार होता. त्या अंधारात वरून आवाज आला. खोल, जड, ढोल लांब वाजावा तसा. आधी आम्हाला पाखराचा आवाज वाटलाच नाही. तिथला साथी म्हणाला, कबूतर आहे.

ते कबूतर कावळ्याहून थोडं मोठं. आपली हरोळी वीतभर आणि वर थोडी, साधारण तेहतीस सेंटीमीटर. हे पंचेचाळीस-पन्नासपर्यंत जातं. रंग राखाडी, पाठ तपकिरी. दिसायला हरोळीइतकं सुंदर नाही, पण भारदस्त. इंग्रजी पुस्तकात त्याला इम्पीरियल पिजन म्हणतात, म्हणजे बादशाही कबूतर. आपल्याला बादशाहीशी काही देणंघेणं नाही, आपण त्याला मोठं कबूतर म्हणू. ते सह्याद्रीच्या दाट, सदा हिरव्या रानात राहतं. आंबोली, गोवा आणि खाली केरळपर्यंत. मोकळ्या माळावर, गावाच्या वडावर येत नाही. एका डोंगरावरून दुसऱ्या डोंगरावर दरी ओलांडून उंचावरून उडत जातं.

आता दोघांची तुलना करू.

दोघंही कबुतरं, दोघंही फळं खाणारी. उल्हासनगरच्या बराकींवर आणि स्टेशनच्या पत्र्यावर जे निळं पारवं बसतं, तेही याच कुळातलं, पण ते दाणे खातं. म्हणून ते शहरात सुखात आहे, त्याला दाणे टाकणारे भेटतात. फळं खाणाऱ्याला कोणी फळं टाकत नाही. झाड गेलं की तो गेला.

दोघंही काड्यांचं विरळ घरटं बांधतात, इतकं विरळ की खालून अंडं दिसावं. हरोळी बहुधा दोन अंडी घालते, मोठं कबूतर बहुधा एकच. म्हणजे मोठ्या कबुतराची वाढ फार सावकाश. त्याची दोन मारली तर भरून यायला वर्षं लागतात. पिल्लांना दोघंही घशातल्या पिशवीत तयार होणारं दुधासारखं पाजतात. नर पण पाजतो, मादी पण पाजते. (इथे बायका हसल्या.) हसा, पण घरी जाऊन सांगा.

हरोळी कोरड्या रानात, शेताच्या बांधावर, रस्त्याच्या कडेच्या वडावर, शहरातल्या जुन्या झाडावरही भागवते. मोठं कबूतर तसं करू शकत नाही. त्याला दाट रान लागतं, नाहीतर ते दिसेनासं होतं.

आता सगळ्यात मोठा फरक. तो दिसत नाही, तो पोटात आहे.

आपण कोंबडी कापतो तेव्हा पोटात एक जाड, टणक गोळा निघतो. चिरला की आत वाळू, खडे. कोंबडीला दात नाहीत, ती त्या गोळ्यात दाणा दळते. हरोळीच्या पोटातही तसंच जातं आहे. ती उंबर खाते तेव्हा गरही खाते आणि आतलं बीही दळते. बी दळलं गेलं की ते उगवणार नाही. म्हणजे आपण समजत होतो की हरोळी वड-उंबर लावत फिरते, तसं फारसं नाही. थोडं बी तिच्या तावडीतून सुटतं, थोडी फळं खाली पडतात, पण बहुतेक बी ती पीठ करते.

मोठ्या कबुतराच्या पोटातली ती पिशवी पातळ आहे. ते अख्खं फळ गिळतं. त्याची चोच आणि घसा इतका ताणतो की रानजायफळासारखं मोठं बीही आत जातं. वरचा गर पचतो आणि बी अख्खं बाहेर पडतं, कुठेतरी लांब, दुसऱ्या डोंगरावर. रानजायफळाचं बी जड असतं. वाऱ्याने उडत नाही, बुलबुल-साळुंकीला गिळता येत नाही. ते गिळणारी पाखरं मोजकी, धनेश आणि हे मोठं कबूतर. ती गेली तर जुनी झाडं उभी राहतील, पण त्यांची पोरं झाडाखालीच पडून कुजतील. रान वरून हिरवं दिसेल आणि आतून म्हातारं होईल.

आम्ही हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आम्हाला वाईट वाटलं. आपली हरोळी खाऊन संपवणारी आणि त्यांचं कबूतर लावणारं. आमच्यातला एक जण परत येताना गाडीत म्हणाला, "म्हणजे आपल्याकडचं पाखरूपण फुकट खाणारं निघालं." सगळे हसले, पण ते मनात राहिलं. कारण आपल्याबद्दल साहेब लोक हेच बोलतात. आदिवासी जंगल खातो, लावत नाही.

नंतर आम्ही त्यावर विचार केला, जाणत्या माणसांना विचारलं, झाडाखाली बसून बघितलं. पिकलेल्या वडावर हरोळी एकटी नसते. तांबट असतो, कोकीळ असतो, बुलबुल असतात, साळुंक्या असतात. रात्री वटवाघळं येतात, उदमांजर येतं. ही बाकीची मंडळी बी अख्खं टाकतात, म्हणून ताडाच्या खोबणीत पिंपळ उगवतो, विहिरीच्या भिंतीत उंबर उगवतो. वडाला लाखो बिया. हरोळीने तिचा वाटा दळला तरी बाकीच्यांचा वाटा उरतो. सगळे मिळून खातात म्हणून झाड टिकतं. रान एका पाखरावर चालत नाही. हरोळीने वड संपवला असं कोणी पाहिलं आहे का? वड संपला तो खाणीने, प्लॉटने, रस्त्याने, कुऱ्हाडीने.

आणि कुऱ्हाडीवरून आता आमची चूक सांगतो.

आमच्या वाडीवर व्यक्तिगत दाव्यांची मोजणी येणार होती. कोणीतरी बाजारात सांगितलं की प्लॉटमध्ये मोठं झाड असलं तर तेवढी जागा जंगल म्हणून कापतात. कोणी सांगितलं हे आता आठवत नाही. विचारायला आम्ही कुठे गेलो नाही. सभा घेतली नाही. मोजणीच्या आदल्या आठवड्यात आम्ही, म्हणजे आम्हीच, आजचं हे बोलणारे, वरकस जमिनीच्या कडेची एक जुनी पायर पाडली. चार माणसांच्या कवेत न मावणारी. दोन दिवस लागले. चीक इतका गळत होता की कुऱ्हाडीचे दांडे चिकटत होते. आमची आजी येऊन बसली होती, ती काही बोलली नाही. फक्त म्हणाली, "हितं तुझ्या आज्याच्या आज्याने देवाला नारळ फोडलेला."

मोजणी झाली. झाड नव्हतं म्हणून एक गुंठाही जास्त मिळाला नाही. नंतर शिबिरात नियम वाचले तेव्हा कळलं. वनहक्क कायद्याच्या २००८ च्या नियमांत नियम १३ आहे. त्यात पुरावे कोणते चालतात ते लिहिलं आहे. सामूहिक हक्कासाठी त्यात देवराया, पवित्र झाडं, तळी, दफनभूमी, कंदमुळं आणि रानफळं गोळा करायच्या जागा, औषधी झाडं, पाण्याच्या जागा हे सगळं येतं. वडीलधाऱ्या माणसांचा जबाब लिहून घेतला तर तोही पुरावा. म्हणजे ती पायर आमचा कागद होती. आजी आमची साक्षीदार होती. आम्ही आमच्या हाताने आमचा पुरावा तोडला आणि भाताच्या खाचराला थोडं ऊन जास्त मिळालं.

पुढच्या थंडीत हरोळीचा थवा त्या जागी आला. दोन फेऱ्या मारल्या आणि निघून गेला. तेव्हा आम्हाला पहिल्यांदा वाटलं की हे सगळ्या वाड्यांवर जाऊन सांगायला पाहिजे.

म्हणून आज सांगतो. घाबरून कोणीही झाड तोडू नका. मोजणीच्या आधी तर नाहीच. कोणी बाजारात काही सांगितलं तर आधी वनहक्क समितीला विचारा.

आता कायद्याचं दोन मिनिटं. व्यक्तिगत दाव्यात १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून आपल्या ताब्यात, कसणुकीत असलेली जमीन मिळते, तीही जास्तीत जास्त चार हेक्टर. पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावाने. तो वारसाला जातो, विकता येत नाही. हे चांगलं आहे, ते लढून घ्यायचंच. पण नुसते प्लॉट घेतले तर प्लॉटच्या मधलं रान कोणाचं? करवंदाची जाळी कोणाची? शेवळं उगवतात तो उतार कोणाचा? आपल्या बाया जून महिन्याच्या तोंडाशी शेवळं, नंतर टाकळा, कुरडू, उन्हाळ्यात करवंद-जांभूळ टोपलीत घेऊन बदलापूर, अंबरनाथ स्टेशनबाहेर बसतात, उल्हासनगरच्या बाजारात जातात. ती टोपली प्लॉटमधून भरत नाही. ती रानातून भरते. ते रान सामूहिक दाव्यात येतं. कायद्याच्या कलम ३ मध्ये गौण वनोपजाचा हक्क आहे, आणि आपण पूर्वापार राखत आलेलं सामूहिक वन राखायचा, वाढवायचा, त्याची व्यवस्था करायचा हक्कही आहे. कलम ५ मध्ये ग्रामसभेला वन्यजीव, जंगल आणि पाण्याच्या जागा राखायचा अधिकार दिला आहे. हा अधिकार आहे तशी जबाबदारीही आहे.

काही जण सांगतात, आपला अंबरनाथ तालुका अनुसूचित क्षेत्रात नाही, शहापूरसारखा, म्हणून आपल्याला काही मिळणार नाही. पेसा आपल्याकडे लागत नाही, हे खरं. पण वनहक्क कायदा अनुसूचित क्षेत्राबाहेरही लागतो. आणि दाव्याची पडताळणी पूर्ण होईपर्यंत वनजमिनीवरून कोणाला उठवता येत नाही, हे कलम ४ मध्ये लिहिलं आहे. पोरांनी हे पाठ करा, राज्यपक्ष्याच्या नावासारखं.

आमच्या एका सुनावणीत एका साहेबांनी विचारलं होतं, "इथे जंगल कुठे आहे? रेल्वे इथे, कारखाने इथे, नगरपालिका इथे. तुम्ही तर शहरातले लोक." आमच्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. नुसतं म्हणालो, साहेब, आम्ही आधीपासून आहोत. त्यावर ते म्हणाले, कागद दाखवा.

साहेबांचा प्रश्न आपण धरून बसू. बघा, अंबरनाथचं शिवमंदिर शके ९८२ चं, म्हणजे इसवी सन १०६० चं. ते वालधुनीच्या काठावर आहे. त्या दगडावर लेख आहे म्हणून सगळे मानतात. उल्हासनगर म्हणजे लढाईच्या काळातली लष्करी छावणी. फाळणीनंतर तिथे सिंधमधून उठून आलेले लोक राहिले आणि १९४९ मध्ये त्याला उल्हासनगर नाव मिळालं. जमीन सुटलेल्या माणसाला कागद किती लागतो, हे तिथल्या म्हाताऱ्यांना आपल्याइतकंच कळतं. मंदिराला दगडाचा कागद आहे, छावणीला सरकारचा कागद आहे. आपल्या वाडीला काय आहे? आपल्याकडे खडकाचं नाव आहे, नाल्याचं नाव आहे, झाडाचं नाव आहे. "भुताचा उंबर", "बाळंतिणीचा वड" ही नावं कोणी दिली? शहरातल्या माणसाने दिली नाहीत. ती नावं आपण लिहिली नाहीत म्हणून ती कागद झाली नाहीत.

म्हणून संघटनेने ठरवलं आहे की प्रत्येक वाडीने फळझाडांची वही करायची. साधी दोनशे पानी वही. त्यात रकाने असे : झाडाचं नाव. जागेचं नाव, आपल्या भाषेतलं. सर्व्हे नंबर किंवा कंपार्टमेंट नंबर, माहीत असेल तर. फळ कोणत्या महिन्यात येतं. कोण गोळा करतं, खायला की विकायला. झाडाशी काही देवकार्य आहे का. वर कोणती पाखरं येतात. आणि शेवटी, ही माहिती कोणत्या म्हाताऱ्या माणसाने दिली, त्याचं वय आणि अंगठा.

पाखरांचा रकाना कशाला, असं परवा एकाने विचारलं. खरं आहे, हरोळी साक्ष द्यायला येणार नाही. पाखरू हा कायद्यातला पुरावा नाही. पुरावा झाड, जागा आणि माणसाचा जबाब. तेही एक नाही, एकापेक्षा जास्त पुरावे जोडायचे असतात. पण पाखराचा रकाना आपल्यासाठी आहे. थवा आज कोणत्या झाडावर आहे आणि पुढच्या पंधरवड्यात कुठे गेला, हे दोन-तीन वाड्यांनी मिळून लिहिलं तर कळेल की कोणतं रान कोणत्या रानाला जोडलेलं आहे. हरोळी आपल्या वाडीची शीव मानत नाही. तिला मलंगपट्टीपासून बारवीपर्यंतचं सगळं लागतं. आपण मात्र शिवेवरून शेजारच्या वाडीशी भांडतो आणि दोघांचेही दावे पडून राहतात. ज्या वाड्यांचं रान एकत्र आहे, त्यांनी एकमेकांच्या हद्दी बसून ठरवाव्यात आणि तसा ठराव दोन्ही ग्रामसभांत घ्यावा. हा पहिला निर्णय.

दुसरा निर्णय गलोलीचा. पोरांनो, हे तुम्हाला. आम्हीही गलोल मारली आहे. वडाच्या चिकात पाखरं धरली आहेत. हरोळीचं मांस चांगलं लागतं, आम्ही खोटं बोलणार नाही. भुकेच्या दिवसात आपल्या कातकरी बापांनी पोरं त्यावर जगवली, त्याची लाज आपल्याला नाही. पण आज दोन गोष्टी झाल्या आहेत. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार गुन्हा आहे. गलोलीसकट एक पोरगा सापडला की वाडीचा दावा बाजूला राहतो आणि आपण कोर्टाच्या फेऱ्या मारतो. आणि दुसरं, झाडं कमी झाली, थवे लहान झाले. मार्च ते जून ती अंडी घालते. त्या वेळी एक मारली तर घरट्यातली पिल्लंही मेली. म्हणून फळाच्या झाडावर गलोल मारायची नाही. साहेबाच्या भीतीने नाही, ग्रामसभेच्या ठरावाने. आपला नियम आपण केला तर तो मोडणाऱ्याला आपण विचारू शकतो. खाण आणि प्लॉटवाल्यांनाही मग आपण ताठ मानेने विचारू, हरोळी मारली तर गुन्हा, मग तिचं झाड तोडलं तर काय?

तिसरा निर्णय लावायचा. मोठं कबूतर आपल्याकडे नाही. धनेश कमी. मोठं बी लांब नेणारं कोणी उरलं नाही तर ते काम माणसाला करावं लागेल. वड, उंबर, पायर, नांदरुक यांच्या जाड फांद्या पावसाच्या तोंडावर पुरल्या तर लागतात, हे आपल्या म्हाताऱ्यांना माहीत आहे. आंबा, जांभूळ, हिरडा, बेहडा यांचं बी टोकायचं. दर वाडीने या पावसात दहा फांद्या आणि शंभर बिया, नाल्याच्या कडेने. वहीत नोंद करायची, कोणी लावलं, कुठे लावलं. आपण पूर्वापार राखतो, हे नुसतं भाषणात सांगायचं नाही, दाखवायचं.

आम्ही त्या पायरीच्या बुंध्याजवळ मागच्या पावसात दोन फांद्या पुरल्या. एक मेली. एकीला पालवी आहे. बकऱ्या खाऊ नयेत म्हणून काटे लावले आहेत. तिच्यावर हरोळी बसायला तीस-चाळीस वर्षं लागतील. तेव्हा आम्ही म्हातारे असू आणि आमचा जबाब कोणीतरी लिहून घेईल. आजीचा जबाब मात्र आम्ही त्याच महिन्यात लिहून घेतला. झाड नाही, पण ते होतं, कुठे होतं, कोणी पूजलं आणि कोणी तोडलं, हे सगळं त्यात आहे. तोडणाऱ्यांत आमची नावं आहेत. समितीतल्या एकाने विचारलं, हे कशाला लिहायचं, दाव्याला अडचण होईल. आजी म्हणाली, "लिवा. खरं हाय ते लिवा. खोटं लिवलं तर बाकीचं पण खोटं म्हंतील."

आता काकांना उत्तर देतो. काका, आम्ही पाखरं मोजत नाही. पाखरं कुठे जेवतात ते लिहितो, कारण आपणही तिथेच जेवतो.

दुपारच्या जेवणानंतर वाडीवार गट करून वहीची पहिली पानं इथेच भरायची आहेत. ज्यांना लिहिता येतं त्यांनी लिहायचं, ज्यांना माहीत आहे त्यांनी सांगायचं. शिबिराच्या चटया आणि पातेली मोजून परत द्यायची आहेत, ती जबाबदारी यजमान वाडीच्या पोरांची. पुढची बैठक अमावस्येनंतरच्या रविवारी. येताना प्रत्येक वाडीने आपली वही आणावी. वही नसेल तर निदान एक म्हातारी माणूस आणावी.

जोहार. संघटना जिंदाबाद.